बिनपडद्याचा खर्ज



हमालांची आणि विडी कामगारांची युनियन चालवणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून एका वाद्याविषयी बोलावे, हे पत्रिका वाचून काहींना चमत्कारिक वाटले असेल. चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांचीही अपेक्षा किमान वेतन किंवा माथाडी कायदा अशा एखाद्या विषयाची होती. १९६९ च्या माथाडी कायद्यावर मी केव्हाही बोलेन; त्याला वसंत ऋतू लागत नाही. आज मात्र टेबलावर ही जी वस्तू ठेवली आहे, तिच्याबद्दल बोलायचे आहे. मागच्या रांगेतल्या मंडळींना ती तेलाच्या डब्यात खुपसलेली दाराची चौकट दिसत असेल. ते अगदी बरोबर आहे. डबा तेलाचाच आहे, आणि दांडी एका पाडलेल्या घराच्या चौकटीची आहे.

हिची गरज का पडली, ते प्रथम सांगतो. सभा म्हटली की आमच्याकडे आधी गाणे आणि मग भाषण. ही रीत आम्ही काढलेली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात कामगारांची सभा म्हणजे डफ, ढोलकी आणि तुणतुणे असे समीकरणच होऊन बसले. अमर शेखांचा गळा असा, की मैदानाच्या शेवटच्या टोकाला शब्द जावा. आमच्या पथकातल्या पोरांचे गळे तसे नाहीत. पोती उचलून, विड्या वळून संध्याकाळी गायला बसणारी ही माणसे. त्यांच्या गाण्यात एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पहिले कडवे ज्या सुरात सुरू होते, त्याच्यापेक्षा तिसरे कडवे चढलेले असते. पाचव्या कडव्याला गळ्याच्या शिरा फुगतात आणि शेवटी गाण्याचे ओरडणे होते.

याचे कारण गाणाऱ्यांत नाही, साथीत आहे. डफ, हलगी, ढोलकी ही लयीची वाद्ये. तुणतुणे सूर देते खरे, पण तो वरचा, टोकदार सूर. गळ्याने टेकावे असा खालचा सूर, ज्याला गवई खर्ज म्हणतात, तो आमच्या सभेत कुठेच नसतो. मैफलीत तो तंबोरा देतो. मोंढ्यातल्या सभेत तंबोरा कोण नेणार? आणि नेलाच, तर हलगीपुढे तो ऐकू कोणाला येणार?

शहरातल्या बँडवाल्यांनी याचे उत्तर काढले आहे. त्याला बास गिटार म्हणतात. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली जी बास गिटार बाजारात आणली, तिच्या दांडीवर सतारीसारखे पडदे होते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. हे मात्र लाकडात ठोकून पक्के केलेले. बोट पडद्यामागे दाबले की सूर बिनचूक, म्हणून तिला नावच ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूक असे दिले. पुढे काही वादकांना ही अचूकता अडचणीची वाटू लागली. इंग्लंडच्या बिल वायमन यांनी १९६१ च्या सुमारास आपल्या स्वस्त गिटारीचे पडदे उपटून टाकले. १९६६ साली अँपेग कंपनीने बिनपडद्याची बास कारखान्यातच तयार केली. आणि जॅको पास्तोरियस या अमेरिकन वादकाने पडदे काढून, खाचा बुजवून, वर राळेसारखा कडक लेप देऊन ती अशी वाजवली, की १९७६ च्या त्याच्या पहिल्या तबकडीनंतर बिनपडद्याच्या बासला जगात मान आला.

पण ही विकत घ्यायची वाद्ये. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, त्यांनी काय केले? १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडात कामगारांची पोरे चहाच्या रिकाम्या पेटीला काठी आणि दोरी लावून बास वाजवीत. पुढे जगभर गाजलेल्या जॉन लेननचे लिव्हरपूलमधले पोरवयाचे पथकही असल्याच पेटीवर साथ घेई. त्या पेट्यांतला चहा बहुतेक आपल्याकडचा किंवा सिलोनचाच असणार! दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे देशात कातेउरा नावाची कचऱ्याच्या डोंगराशेजारची वस्ती आहे. तिथल्या मुलांचा वाद्यवृंद टाकाऊ पत्र्याची व्हायोलिने आणि तेलाच्या पिंपाचे चेलो वाजवतो. मुंबईत धारावीतली कचरा वेचणाऱ्यांची मुले रंगाचे डबे आणि प्लॅस्टिकची पिंपे वाजवीत रंगमंचावर गेली आहेत.

आता चहाच्या पेटीची ती बास कशी वाजते, हे नीट पाहा. पेटीच्या पाठीतून दोरी निघते आणि काठीच्या शेंड्याला जाते. काठी मागे ओढली की दोरी ताणते, सूर चढतो. सैल सोडली की उतरतो. पडदा नाही, खुंटी नाही; सूर हाताच्या ताणात. हे वर्णन ऐकताना या सीमाभागातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे एक वाद्य आपोआप आले असेल. ते म्हणजे चौंडके. लाकडाचे पोकळ नळकांडे, एका तोंडाला कातडे, त्याच्या मध्यातून निघालेली तात. डाव्या हाताने ताण कमीजास्त करायचा, उजव्या हाताने छेडायचे. इंग्लंडातल्या पोरांना जे पेटीतून काढावे लागले, ते आपल्याकडे सौंदत्तीच्या वाटेवर कितीतरी पिढ्या वाजत आले आहे.

परंतु चौंडक्याचे नाव सभ्य घरात निघत नाही, आणि त्याला कारण आहे. ते यल्लम्माच्या जोगतिणींचे वाद्य. ज्या मुलींना देवीला सोडले, त्यांच्या हाती ते आले. ही प्रथा कर्नाटकाने १९८२ साली कायद्याने बंद केली. महाराष्ट्राचा समर्पण प्रतिबंधाचा कायदा २००५ चा. बंदी हवीच होती, फार पूर्वी हवी होती, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही.

या तालुक्यातल्याच एका वृद्ध जोगतिणीकडे मी तीनदा गेलो. पहिल्या दोन वेळी तिने चौंडके बाहेरच काढले नाही. घरात ते धान्याच्या कणगीमागे, पोत्यात गुंडाळलेले होते. तिचा मुलगा आमच्या युनियनचा सभासद आहे. तो म्हणतो, हे घरात दिसता कामा नये. माझ्या लेकीच्या सोयरिकीला लोक येतील. त्याच्याशी वाद घालण्याची माझी छाती झाली नाही, कारण त्याचे म्हणणे खरे आहे. त्या कातड्यावर त्याच्या आईचे सारे आयुष्य खर्ची पडले आहे. तिसऱ्या वेळी मुलगा कामावर असताना तिने ते काढले. मी हात पुढे केला, तशी म्हातारी म्हणाली, “मोदल केळरी.” आधी ऐका. मग तिने एकच सूर छेडला आणि तो खालून अलगद वर चढवीत जागेवर नेऊन ठेवला. छेडून झाल्यावर तात ती तळव्याच्या कडेने हलकेच दाबी, म्हणजे सूर लांबत न राहता ठोक्यासारखा पडे, आणि लय व सूर दोन्ही एकाच हातातून निघत. बास वाजवणाऱ्याला याहून जास्त काही शिकायचे नसते. मुलगा आमच्या पथकात येत नाही. तो का येत नाही, हे मला समजते. पण प्रथा पुरताना त्या हातातली विद्याही सोबत पुरली जावी, हे काही मला पटत नाही.

वाद्याने हात बदलल्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. मिरजेचे तंबोरे आणि सतारी साऱ्या देशात जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हे काम करणाऱ्या घराण्यांचे मूळ आडनाव शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचे काम बसले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या शिकलगाराने मिरजेत वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. पुढे त्यांचे आडनाव सतारमेकर झाले. तंबोऱ्याचा भोपळा मात्र मिरजेत होत नाही. तो आपल्या सोलापूर जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमाकाठचा असतो. हा भोपळा कडू आणि जाड सालीचा. भाजीच्या कामाचा नाही. तो वेलावर पिकवून, महिनोन् महिने वाळवून मग गाडीत घालतात. मैफलीत तंबोऱ्याचे कौतुक होते, मिरजेच्या कारागिराचेही अलीकडे होऊ लागले आहे. भोपळा लावणाऱ्याचे नाव मात्र मी कुठल्याही मैफलीत ऐकलेले नाही. असो.

आम्हालाही भोपळाच घ्यायचा मोह झाला होता. पण वाद्याच्या मापाचा भोपळा स्वस्त नसतो, आणि हमालाच्या सभेत एकदा पडला की संपला. डबा पडला तर पोचा येतो एवढेच.

तर आता बांधणी. पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला. त्यात सोळा लिटरहून थोडी जास्त हवा मावते. तुणतुण्याच्या नळकांड्यात याच्या मानाने फारच थोडी हवा असते, म्हणून तुणतुणे बारीक बोलते. नुसता पत्रा मात्र खणखणतो. म्हणून डब्याची एक बाजू कापून काढायची, कडा ठोकून आत वळवायच्या, नाहीतर हात कापतो, आणि तिथे जुन्या कपाटाच्या पाठीचे तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड बसवायचे. सतारीत जिला तबली म्हणतात, ती ही.

दांडी डब्याला वरून ठोकून भागत नाही. तीन तारांचा मिळून ताण चाळीस-पंचेचाळीस किलोचा होतो. आपल्या बाजारात तुरीचा कट्टा पन्नास किलोचा, म्हणजे जवळजवळ एक कट्टा या दांडीला रात्रंदिवस लोंबकळत असतो असे समजा. तो भार पत्र्यावर टाकला तर डबा पहिल्या दिवशीच चेपेल. म्हणून दांडी डब्याच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर काढली. ओढ सगळी लाकडाच्या अंगावर, डबा फक्त आवाजापुरता. हमालाला हे सांगावे लागले नाही. भार कुठे घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही, हे त्याच्या इतके कोणाला कळणार! लाकूड जुने सागवान आहे. चौकटीत ते कित्येक पावसाळे मुरलेले, आता पीळ धरत नाही. वरच्या अंगाला सुताराकडे पडलेली सनमायकाची पट्टी चिकटवली, म्हणजे तार लाकडात रुतत नाही.

तारा कशाच्या? गिटारीच्या तारांचा संच आमच्या अंदाजपत्रकात बसणारा नव्हता. सगळ्यात खालची तार मोटारसायकलच्या क्लचची आहे. ती पिळाची असल्यामुळे जाड असूनही लवते. उरलेल्या दोन नायलॉनच्या, गवत कापायच्या यंत्रात घालतात त्या दोरीच्या. एक तीन मिलिमीटरची, दुसरी त्याहून बारीक. खुंट्यांच्या जागी छपराचे पत्रे आवळायचे आकड्याचे बोल्ट आहेत. पान्याने नट फिरवला की तार चढते. हे दिसायला ओबडधोबड आहे, पण खुंटीसारखे घसरत नाही. आणि घोडी, म्हणजे ज्यावर तारा टेकतात ते लाकूड, आहे मागाच्या धोट्याचे. सोलापुरात जुनी मिल १८७७ साली निघाली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि धोटे भंगारात किलोवर विकले गेले. हजारो वेळा या टोकाहून त्या टोकाला धावूनही ज्याचा कण निघाला नाही असे ते लाकूड. घोडीला याहून चांगले लाकूड मला विकत मिळाले नसते.

एवढे करून डब्याचा आवाज खोलीपुरता भरतो, मैदानाला पुरत नाही. त्यासाठी तबलीच्या आतून पितळी रंगाची एक पातळ चकती चिकटवली आहे. तिला पिझो म्हणतात. तिच्यावरचा पदार्थ दाबला गेला की वीज निर्माण होते. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. चकती चहाच्या किमतीत मिळते. गंमत पुढे आहे. ही चकती ध्वनिक्षेपकाच्या माइकच्या खोबणीत सरळ खुपसली, तर वरचे सूर जातात आणि नेमका खर्ज गळून पडतो. चकतीची वीज इतकी दुबळी, की खोबणी तिला आपल्याकडे ओढून घेते, आणि त्यात मंद कंपने आधी मरतात. मध्ये दहा लाख ओहमचा अडसर असलेले एक लहानसे मंडल घालावे लागते. ते आम्हाला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने साबणाच्या डबीत बसवून दिले. त्या दिवशी खर्ज पहिल्यांदा कर्ण्यातून बाहेर आला. समोरच्या चहावाल्याच्या टपरीवरचे ग्लास थरथरले.

आता पडद्यांविषयी, कारण वाद्य पाहणारा प्रत्येक जण प्रथम तेच विचारतो. पडदे का ठोकले नाहीत? तार कापून लावायला काय लागते?

मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही आणि अपूर्णांक मला पुस्तकातून कधी उमगले नाहीत. ते या दांडीवर सुतळीने शिकवले. मेरूपासून घोडीपर्यंत, म्हणजे तार जिथे मोकळी होते तिथून जिथे टेकते तिथपर्यंत, चौतीस इंच आहेत. तेवढी सुतळी घ्या. तिची मधोमध घडी घाला. सतरा इंचांवर बोट ठेवले की वरचा षड्ज. तीन घड्या घाला. मेरूपासून पहिल्या घडीवर, सव्वाअकरा इंचांच्या किंचित पुढे, पंचम. चार घड्या घाला. साडेआठ इंचांवर मध्यम. पाच घड्यांची पहिली घडी सहा पूर्णांक आठ दशांश इंचांवर पडते, तो गंधार. साडेतीन हातांच्या माणसाला सुतळी आणि दोन बोटे यांपलीकडे काहीही लागत नाही.

गिटारीचे पडदे या हिशेबाने नसतात. तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात, म्हणजे कोणत्याही सुरापासून गाणे सुरू करता येते. सोय मोठी आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पंचम आणि मध्यम त्या हिशेबातही जवळजवळ जागेवर येतात. फरक एक मिलिमीटरचासुद्धा नाही. पण गंधाराचा पडदा सात इंचांवर बसतो. सुतळीच्या गंधारापेक्षा तो पाच मिलिमीटर पुढे, म्हणजे चढा. तंबोऱ्यात कान लावला तर खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार उमटतो, तो सुतळीचा, पडद्याचा नव्हे. आमचे गाणारेही नकळत तोच लावतात. पक्का पडदा ठोकला असता तर गळा एकीकडे आणि साथ दुसरीकडे असा तंटा कायमचा झाला असता, आणि तंट्यात पडदा हटत नाही, गळ्यालाच हटावे लागते.

पडदा नसला की वाजवणाऱ्याला ऐकावेच लागते. खडूच्या तीन खुणा आम्ही दांडीच्या कडेला केल्या आहेत, पण त्या वाटेवरच्या दगडांसारख्या. गाणारा किंचित चढला तर बोट किंचित सरकवायचे, आणि गाणारा फारच चढू लागला तर न सरकता तिथेच ठाम राहायचे, म्हणजे तो आपोआप खाली येतो. केव्हा सरकायचे आणि केव्हा ठाम राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. हे वाद्य आमच्याकडे वाजवतो तो तोलणार आहे. काट्यावर नजर ठेवून वजन बोलायची त्याची रोजची सवय. सुराच्या बाबतीतही तो तसाच आहे, थोडाही कमीजास्त खपवून घेत नाही.

आमच्यातलीच तरुण पोरे मात्र खूश नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की मोबाइलमध्ये तयार साथ मिळते. बास, ढोल, टाळ्या, सगळे. एक तार जोडली की मैदान हलते, मग हा डबा कशाला मिरवायचा? लोक हसतात. पोरांचे हसण्याविषयीचे म्हणणे खरे आहे. लोक पहिली पाच मिनिटे हसतात. पण तयार साथीवर मागच्या मे महिन्यात गाणे झाले, तेव्हा काय झाले ते त्याच पोरांनी पाहिले. गाणाऱ्या बाईंना तिसऱ्या कडव्याला खोकला आला. साथ थांबली नाही. ती पुढे गेली, बाई मागे राहिल्या, आणि बाईंनी शेवटी हातातला माइक खाली ठेवला. विड्या वळून वळून तंबाखूचा बारीक धुरळा छातीत गेलेली बाई. तिला खोकला येणारच. आमचा तोलणार अशा वेळी एकच सूर धरून बसतो. हलगीवाला हलकी टिचकी देत राहतो. बाई पाणी पितात आणि जिथे सोडले तिथून उचलतात. प्रेक्षकांना तो गाण्याचाच भाग वाटतो.

डब्यासाठी, बोल्टांसाठी, चकतीसाठी आणि साबणाच्या डबीतल्या मंडलासाठी मिळून आम्हाला पाचशेच्या आत खर्च आला. लाकूड आणि धोटा फुकट. ज्यांना करायचे असेल त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पावसाळ्यात नायलॉन सैल पडते, तेव्हा सभेआधी अर्धा तास तार चढवून ठेवावी, ऐनवेळी नव्हे. आणि डबा आतून चांगला धुवून उन्हात ठेवावा; तेलाचा अंश राहिला तर प्लायवूडचा डिंक धरत नाही, आणि उंदीरही येतात.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटे उरल्याची खूण केली आहे. तोलणार आणि हलगीवाला मागे उभे आहेत. त्यांना पुढे यायला वाट द्यावी, आणि चिटणीसांनी मघाचा तो पंखा बंद करावा. त्याचा घरघराट साधारण याच्या खालच्या पंचमाजवळ आहे, म्हणजे जुळवताना कानाची फसगत होते.